कालुंडबोर्गहून आई-आबांना

कालुंडबोर्ग, डेन्मार्क
१६ नोव्हेंबर

ती. आबा आणि ती. आई यांना पल्लवीचा सा. नमस्कार.

मी इथे मजेत आहे. तब्येत ठणठणीत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. व्हिडिओ कॉलवर चेहरा उतरलेला दिसला म्हणून आई, आजीला काही सांगत बसू नकोस. इथे आता चारलाच दिवस मावळतो, दिव्याच्या उजेडात सगळेच तसे दिसतात. फराळ पोचला. चकल्या अख्ख्या राहिल्या.

आबा, "पोरगी दिवसभर जंतूत हात घालते, उद्या काही झालं म्हणजे?" असं तुम्ही दादाजवळ बोललात म्हणे. हात घालत नाही हो. आमच्या एन्झाइमच्या कारखान्यात स्टीलच्या बंद, दोन-तीन मजली उंच टाक्या असतात. नमुना काढायचा तर आधी नळात वाफ सोडून तो निर्जंतुक करायचा आणि मगच बाटली भरायची. आमच्यापासून त्या जंतूंना जपण्यासाठीच ही सगळी खबरदारी! बुरशी आणि बॅक्टेरियांना साखर-पीठ खाऊ घालून त्यांच्याकडून एन्झाइम, म्हणजे पचनासारखी कामं घडवून आणणारी प्रथिनं, बनवून घेतो, बस. आईच्या इडलीच्या पिठात रात्रभर जे चालतं त्याच जातीचं काम. दादाला पोल्ट्रीच्या खाद्याचं पोतं बघायला सांगा, त्यावर बहुधा 'फायटेज' छापलेलं असेल. मक्या-सोयातला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही. हे एन्झाइम तो मोकळा करतं. मग वरून फॉस्फेट कमी घालावं लागतं आणि विष्ठेतून ओढ्याला कमी जातं. आणि आजीच्या इन्सुलिनचं म्हणाल, तर जगातलं जवळपास निम्मं याच गावात बनतं असं इथे सांगतात, तेही यीस्टकडून. पूर्वी ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागायचं.

पण आबा, तुम्हाला खरं सांगायचंय ते पुढचं. एन्झाइम काढून घेतल्यावर टाकीत जो काला उरतो तो आधी बायोगॅसला जातो. गॅस शुद्ध करून पाइपलाइनीत सोडतात आणि उरलेली स्लरी आसपासच्या शेतात जाते. वसंतात मी बांधावर उभं राहून बघितलं. टँकरच्या मागे दोन्ही बाजूंना लांब दांडे आणि त्यांना ओळीने लोंबणाऱ्या नळ्या. गव्हाच्या बुडाशी काळी धार पडत जाते, पानावर थेंब उडत नाही. थंडीत मात्र शेतात स्लरी सोडायला बंदी आहे, कारण पीक ती उचलत नाही आणि नत्र समुद्राला जातं. तोवर साठवायला ज्याची त्याची टाकी हवी. टाक्या तापवायला लागणारी वाफ शेजारच्या वीजकेंद्रातून येते. ते कोळशावर चालायचं, आता लाकडाच्या ढलप्यांवर चालतं. लाकूड जाळणं मला तितकंसं पटत नाही. आपला साखर कारखाना बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, कोजन चालवून वाफ आणि वीज काढतो ते जास्त बरं, कारण ऊस दरवर्षी उगवतो.

एकाचं टाकाऊ दुसऱ्याने विकत घ्यायचं, हा व्यवहार इथे १९७२ पासून वाढत आलाय. कुणी पुण्य म्हणून करत नाही. कंपन्या शेजारी-शेजारी आहेत, करार आहेत आणि सोडून द्यायला कायद्याने जागाच ठेवलेली नाही. हे बघताना मला सारखा आपला नदीकाठ आठवतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ-दहा लिटरच्या वर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतो. तो चुकून पाण्यात गेला की मासे वर येतात, हे तुम्ही मला लहानपणीच दाखवलंय. त्याच स्पेंटवॉशमध्ये पालाश आहे, जो आपला देश जवळजवळ सगळाच बाहेरून आणतो. तो जाळून उरलेल्या राखेचं १४.५ टक्के पालाशचं खत होतं, 'पीडीएम' म्हणतात. तुम्ही सर्वसाधारण सभेत उठून विचारता ना, मग यंदा हे विचाराच: आपल्या डिस्टिलरीची राख कुठे जाते आणि सभासदाला ती काय भावाने मिळेल? सहकार तर इथेही जुना आहे. १८८२ साली यूटलंडमधल्या ह्येडिंगला पहिली सहकारी डेअरी निघाली. साय काढल्यावरचं दूध सभासद परत न्यायचे आणि डुकरांना घालायचे. वाया काही नाही.

आई, तुला एक गोष्ट नीट सांगायचीय, कारण फोनवर तुला पटली नाही. शेताच्या फाटकाशी लाकडी कपाट असतं. आत बटाट्याच्या मोजून भरलेल्या पिशव्या, अंडी, जूनमध्ये स्ट्रॉबेरी. भाव खडूने लिहिलेला, शेजारी पैशांचा डबा. माणूस नाही. घरात हाक मारायची नाही, घासाघीस नाही. आपणच पिशवी उचलायची, डब्यात पैसे टाकायचे किंवा पाटीवरच्या नंबरवर मोबाइलने पाठवायचे. सुट्टे नसतील तर डब्यातले आपणच मोजून परत घ्यायचे. हो, उघड्या डब्यातले! चोरी होतच नाही असं नाही, काहींनी कॅमेरे लावलेत. पण दुसऱ्या दिवशी कपाट पुन्हा भरलेलं असतं. अडत्याची दलाली नाही, हमाली नाही, तोलाई नाही. आबांच्या टोमॅटोच्या बाजारातल्या हिशेबपट्ट्या आठवून मला तिथून लवकर हलवत नाही.

आता पैशाचं. ठिबकचे पैसे या महिन्यात पाठवलेत. त्यातून दादाने आधी तुमच्या गुडघ्याचं बघावं आबा, ठिबक थांबेल. ऑपरेशनला मी येतेच. सुट्टी मिळेल, त्याची काळजी नको. तोडणी सुरू झाली आणि दादा-वहिनी दोघेच सगळं ओढतायत, हे मला कळतं. वहिनीला म्हणावं, तिच्यासाठी वेगळे पाठवलेत, ते घरखर्चात घालायचे नाहीत.

पुण्याच्या स्थळाचं. मुलाशी दोनदा बोलले, माणूस बरा वाटला. पण "लग्नानंतर तिकडे राहायची गरज काय" असं त्याच्या आईने विचारलं, त्याचं उत्तर मला फोनवर द्यायचं नाहीये. मी आल्यावर समोरासमोर बसू. तोवर आत्याला 'जमलं' म्हणून सांगू नका. पत्रिका बघायची तर बघा, मी अडवत नाही.

आजीला नमस्कार. तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा.

तुमची,
पल्लवी