कंपवाताची गोळी आणि मटक्याची चिठ्ठी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचावे, अशी विनंती आहे. मोडलेल्या ठेवीचा विषय फोनवर निघाला की आई रडू लागते आणि बाबा फोन ठेवून देतात, म्हणून लिहिणेच बरे वाटले.

उद्यमनगरातल्या फाउंड्रीत उभी हयात घालवताना, पगाराच्या दिवशी मटक्याचे आकडे, ओपन-क्लोज लावायला निघालेल्या पोरांना ज्यांनी फाटकाशी अडवून घरी धाडले, ते बाबा सत्तरी ओलांडल्यावर एकाएकी जुगारी होतात, हे मला पटत नव्हते. म्हणून मी दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे शेजारी ठेवून पाहिले. कंपवातासाठी (म्हणजे पार्किन्सनसाठी) प्रॅमिपेक्सोल ही गोळी सुरू झाली, पुढे तिची मात्रा वाढली आणि त्यानंतर काही महिन्यांतच मोबाईलवरच्या रमीत पैसे जाऊ लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली तेव्हा आईने सुटकेचा निःश्वास टाकला. पण खेळ बंद झाला तरी ओढ गेली नव्हती, आणि बाबा पेठेतल्या टपरीवर मटक्याची चिठ्ठी लावू लागले.

कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाल मंदावते आणि हात थरथरतो. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधे डोपामिनसारखेच काम करून ती उणीव भरून काढतात. मात्र डोपामिनचे काम हालचालीपुरते नसते. काहीतरी मिळणार ही आशा आणि ते मिळवण्याची ओढ ज्या भागात निर्माण होते, तिथेही त्याचाच अंमल चालतो, आणि या गोळीचा प्रभाव त्या भागावरही पडतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० कंपवातग्रस्तांच्या पाहणीत, या गटातील औषधे घेणाऱ्या सुमारे १७ टक्के रुग्णांत अनावर जुगार, खरेदी, खाणे आणि पत्रात लिहायला संकोच वाटेल अशा गोष्टी यांपैकी काहीतरी आढळले. ती औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. म्हणजे गोळी घेणारा प्रत्येक जण जुगाराकडे वळतो असे नाही, पण बाबांच्या बाबतीत काळाचा मेळ इतका नेमका बसतो की डॉक्टरांपुढे हा प्रश्न मांडलाच पाहिजे.

आई, तू म्हणालीस की हे सारे गोळीच्या माथी मारणे म्हणजे पळवाट आहे. गोळी न घेणाऱ्यांचा जुगारही वैद्यकशास्त्राने केवळ दुर्गुण मानलेला नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याला आजारांच्या यादीत घेतले आणि २०१३ मध्ये दारू व इतर व्यसनांच्या गटात हलवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो व्यसनांतच मोडतो. त्याची लक्षणे वाचताना मला आपलेच घर दिसत होते: लावायची रक्कम वाढत जाणे, सोडायचे ठरवून न सुटणे, घरी खोटे सांगणे, आणि गेलेले वसूल करण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे. बाबा, ‘एवढे गेलेले काढतो आणि कायमचे सोडतो’ हे तुमचे म्हणणे तुम्हाला हिशेबी वाटते. आजाराच्या दृष्टीने तेच त्याचे ठळक लक्षण आहे. मटक्याची जोडी एका आकड्याने हुकली की हरल्याची नोंद होण्याऐवजी मेंदू ‘आता जवळ आलो’ असे समजतो आणि खेळ पुढे रेटतो, आणि फळ कधी मिळेल याचा नेम नसला की सवय अधिकच घट्ट होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला जुगारीसुद्धा आता खेळणार नाही असे ठरवतो, पण फाशांचा आवाज कानी पडताच तिकडे धावतो. त्याचे आईबाप आणि भाऊ ‘आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या’ म्हणतात. घरच्यांनी त्या थराला जाण्याची गरज निदान आता तरी उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. गोळी मनाने बंद करू नका. ती एकदम थांबवली तर अंग आखडते, आणि घबराट व औदासीन्यही येऊ शकते. मात्रा हळूहळू कमी करणे किंवा लेव्होडोपा या कंपवाताच्या दुसऱ्या औषधावर अधिक भर देणे, हे डॉक्टर ठरवतील. मात्रा उतरली की पुष्कळांची ही ओढ ओसरते. मागच्या खेपेला त्यांनी कंपाविषयी विचारले आणि बाबांनी कंपापुरतेच सांगितले. या वेळी रमी, मटका आणि ठेव, सगळे सांगायचे आहे. त्यासोबत सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाऊ, कारण विचारांची घडी बदलणारे समुपदेशन या आजारात उपयोगी पडते. मध्येच कधी फार घाबरल्यासारखे झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. बाबा, देण्याच्या धास्तीने जिवाचे काही करावे असा विचार चुकूनही मनात आला, तर रात्री कितीही वाजलेले असोत, मला उठवा.

आई, अंबाबाईची ओटी अवश्य भर, पण देवळाच्या पायरीवर बाबांकडून शपथ घेऊ नकोस. शपथ मोडली की लाज वाढते आणि लाजेपोटी पुढचे खोटे बोलले जाते. त्यापेक्षा पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाईलवरचे पैशांचे व्यवहार बाबांच्या संमतीने तू सांभाळ. चहा-वर्तमानपत्रापुरते सुटे पैसे त्यांच्या खिशात असू देत. कोणाचेही देणे माझ्याशी बोलल्याशिवाय फेडू नकोस, आणि त्यासाठी पाटल्या तर मुळीच मोडू नकोस.

मी रविवारी येत आहे. सोमवारी दवाखान्यात जाऊ. तोवर सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत काढून ठेवाव्यात. बाबांनी ज्यांचे देणे आहे त्यांची नावे आणि रकमा स्वतःच्या हाताने लिहाव्यात. अक्षर थरथरले तरी चालेल, रक्कम मात्र पूर्ण लिहावी.

तुमची,
मेधा