तो बुरखा नव्हे, अबाया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इराकी चित्रकार नझीहा सलीम यांच्यावरचा लेख वाचला. बेळगावात बसून बगदादच्या चित्रकर्तीबद्दल मराठीत वाचायला मिळालं, याचा आनंद आहे. पण चित्राखाली ‘बुरख्यातील ग्रामीण स्त्री’ असं छापलंय. तो बुरखा नव्हे, अबाया, म्हणजे चेहरा उघडा ठेवून डोक्यावरून घ्यायचं सैल वस्त्र. फरक लहान नाही म्हणून लिहितोय.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा. १९८१ साली मुंबईच्या एजंटामार्फत इराकला गेलो, शटरिंगचा सुतार म्हणून. नासिरियाजवळ दोन वर्षं काढली. पगाराचं जे झालं ते झालं, तो विषय आता नको. पण साइटच्या फाटकावर सकाळी साडेसहाला गैमर विकायला येणाऱ्या बायका अजून डोळ्यांसमोर आहेत. गैमर म्हणजे म्हशीच्या दुधाची जाड साय. रोटीवर घ्यायची आणि वर खजुराचा पाक. दक्षिण इराकमधल्या पाणथळीत लव्हाळ्याच्या घरांत राहणारी, म्हशी पाळणारी माणसं आहेत, त्यांच्यातल्या या बायका. डोक्यावर सायीची ताटं एकावर एक रचलेली. अबाया डोक्यावरूनच खाली सोडलेली असते, तिला समोर बटण नाही. चेहरा उघडा. पैसे मोजायला दोन्ही हात लागले की काठ दातात धरायचा. आमच्या येळ्ळूरच्या दहीवाल्या बुट्टी उतरवताना पदर असाच दातात धरायच्या. सलीमबाईंनी रंगवल्या त्या अशाच, खेड्यातल्या, कष्टाच्या बायका. अशा बाईला ‘बुरख्यातील’ म्हटलं की तिची सकाळ, तिची म्हैस, तिचा हिशेब सगळं झाकलं जातं.

दुसरं, गोंदण. त्या गैमरवाल्यांतल्या म्हाताऱ्यांच्या हनुवटीवर हिरवट निळे ठिपके असायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चपापलो, कारण माझ्या आईच्या हनुवटीवर तसेच तीन होते. आमच्या गल्लीत कोरवीण येऊन गोंदून जायची. इराकातही ही कला बायकांच्याच हातात होती.

लेखात नझीहाबाईंच्या भावाचा, शिल्पकार जवाद सलीम यांचा, एका ओळीत उल्लेख आहे. एवढ्यावर भागत नाही. बगदादच्या तहरीर चौकातलं त्यांचं स्वातंत्र्यस्मारक मी शुक्रवारच्या सुट्टीत दोनदा जाऊन बघितलं. पन्नास मीटर लांब पट्टी, तिच्यावर ब्राँझचे चौदा गट, आणि अरबी ओळीसारखे उजवीकडून डावीकडे वाचायचे. फाउंड्रीतला माणूस मी, आधी सांधे शोधले. ओतकाम इटलीत फ्लॉरेन्सला झालंय, हे नंतर कळलं. दिजला आणि फुरात (म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस) या दोन्ही नद्या तिथं बाया झाल्यात, त्यातली एक पोटुशी आहे. मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आईही आहे. जवाद स्वतः १९६१ च्या जानेवारीत ऐन चाळिशीत गेले, उभं झालेलं स्मारक त्यांनी बघितलंच नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये लूटमार झाली तेव्हा बगदादच्या कला संग्रहालयातून हजारो कलाकृती गेल्या. त्याआधी नव्वदच्या दशकात सरकारनंच त्या पाणथळी वाळवल्या. तिथल्या किती म्हशी जगल्या कोण जाणे.

आता आमच्याकडचं. माझ्या घरापासून चार पावलांवर एका शाळेच्या भिंतीवर ‘आपली संस्कृती’ म्हणून चित्र काढलंय. त्यात सगळ्या बायका पैठणीत, नाकात भली मोठी नथ, कमरेवर घागर. छान आहेत. पण या गल्लीत पैठणी कुणी नेसली होती? आमच्या आया इरकल नेसायच्या, टोपपदराचं, तांबड्या काठाचं. अंगात गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. तो कन्नड मुलखातला माग म्हणून तो मराठी बाईच्या अंगावर दाखवायचा नाही, असं काही आहे का? रंगवणारा पोरगा इथलाच. विचारलं तर म्हणाला, ‘काका, मोबाइलवर असंच येतंय.’ नझीहाबाई पॅरिसला शिकून आल्या आणि तरी परत येऊन खेड्यातली बाईच रंगवली.

तेव्हा दोन विनंत्या. चित्राखालच्या त्या ओळीची दुरुस्ती छापावी. आणि पुढच्या वेळी चित्र तिकिटाएवढं छापू नका, निदान अर्धं पान द्या.

आईचं एक इरकल माझ्या पेटीत आहे, वापरून वापरून मऊ झालंय, पण काठाचा रंग शाबूत आहे. कुणा चित्रकाराला रंग बघायचा असेल तर खुशाल यावं, पत्ता आपल्या कचेरीत देऊन ठेवलाय. फक्त दुपारी दोन ते चार नको, मी झोपलेला असतो.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
टिळकवाडी, बेळगाव