पिरॅमिडची एक बाजू मोजणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचा नंबर माझ्याकडे नाही. सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण परतल्यावर लोकांनी तक्रारी टाकायला सुरुवात केली तसा मॅनेजरसाहेबांनी तो ग्रुपच बंद करून टाकला. म्हणून हे जाहीर लिहितोय. तुम्ही नागपुरातल्याच कुठल्याशा शाळेत गणित शिकवता, एवढंच बाबांच्या लक्षात आहे. कुणीतरी दाखवेलच तुम्हाला.

काचबिंदूनं बाबांना उजेड-अंधारापलीकडे काही ठेवलं नाही. ‘दिसत नाही त्याला इजिप्तला काय नेता,’ हे आमच्या महाल भागातल्या शेजाऱ्यांपासून इतवारीच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. बुकिंग घेताना ऑफिसातला माणूस मात्र म्हणाला होता, “बाबांची जबाबदारी आमची.” गिझाला पोचल्यावर तीच जबाबदारी म्हणाली, “आजोबांना बसमध्येच एसीत बसू द्या, सगळ्यांचा खोळंबा होतो.”

तोवर बाबांना जो तो मनगटाला धरून ओढत होता, बाजाराला नेलेल्या बकरीसारखा. त्यात मीही होतो. आणि तुम्ही बसपाशी आलात तेव्हा मी पोरांना घेऊन आत जायच्या रांगेत उभा होतो, हे कबूल करतो.

तुम्ही बाबांचा हात धरला नाही. तुम्ही कोपर पुढे केलंत आणि विचारलंत, “काका, धरता का? मी एक पाऊल पुढे चालते.”

घरी आल्यापासून बाबा त्या ‘धरता का’बद्दलच बोलतात. पाच वर्षांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. पोटच्या पोरानंही नाही.

मग बोलता बोलता तुम्हाला कळलं, की बाबांनी तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमीन मोजायची साखळी ओढली आहे. दुसरं कुणी असतं तर ‘अरे वा’ म्हणून पुढे गेलं असतं. तुम्ही म्हणालात, “मग काका, एक बाजू मोजूनच टाकू.” आत जायचं वेगळं तिकीट तुमच्या पर्समध्ये तसंच राहिलं. (आत काय, कमरेत वाकून चढायचं आणि वर एक रिकामी दगडी पेटी! पण ते मला आत जाऊन आल्यावर कळलं, तुम्ही आधीच सोडून दिलं होतं.)

मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही दोघं पार टोकाला ठिपक्याएवढे दिसत होतात. बाबा तोंडानं पावलं मोजत होते. तुम्ही सांगितलंत, बाजू साधारण २३० मीटर. बाबांनी उभ्या उभ्या हिशेब केला: म्हणजे हे तेरा एकरांत बसलंय. चारी बाजूंत फरक एका वितीच्या आतला, हे ऐकल्यावर मात्र ते थांबलेच. “साडेचार हजार वर्षांपूर्वी, बिना मशीनचं, कसं मोजलं असन जी यायनं? आमच्याकडं हद्द कायम करायला गेलं, का दोन्ही भाऊ काठ्या घेऊन उभे!”

उंची १४६ मीटर होती, आता १३८च्या आसपास उरली, वगैरे गाइडनं माइकवरून सांगितलं. बाबांच्या ते कानावरून गेलं. त्यांना लागली होती ती तुम्ही सांगितलेली गोष्ट: नाईलचा पूर ओसरला की शेतांचे बांध पुसले जायचे, मग माणसं गाठी मारलेली दोरी घेऊन पुन्हा हद्दी लावायची, लक्सरला मेन्ना नावाच्या जुन्या अधिकाऱ्याच्या थडग्यात दोरीनं शेत मोजणाऱ्यांचं चित्रही आहे. “म्हणजे आपल्याच खात्याची माणसं,” असं बाबा आता येईल त्याला सांगतात. दूधवाल्यालाही सांगून झालंय.

परवा आत्या येऊन गेली. काय पाह्यलं दादा, असं खोचून विचारलं तिनं. बाबांनी तिला पाऊण तास पिरॅमिड समजावला. चहा थंड झाला तिचा.

आणि मी? मी आता कोपर पुढे करतो. सवय नव्हती, सुरुवातीला दोनदा दारावर आपटलो.

ताई, घरी एकदा याच. संत्रा बर्फी आणून ठेवीन. शिवाय एक वाद मिटवायचा आहे. बाबांची मोजणी ४१२ पावलांची, आणि तुम्ही तिथं ४०९ म्हणाला होतात. तीन पावलं तुमची चुकली, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे.