डिस्लेक्सियाच्या अहवालात मूल दिसू द्या

माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

परळ-लालबागच्या मराठी शाळांतल्या मुलांना मी विशेष शिक्षिका म्हणून शिकवते. चौथीतल्या एका मुलाचा डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनात अडथळा आणणाऱ्या अध्ययन अक्षमतेचा, तपासणी अहवाल सध्या माझ्यासमोर आहे. त्यात बुद्ध्यांक आहे, 'वाचन इयत्तेच्या पातळीखाली' असा शेरा आहे, 'उपचारात्मक अध्यापन घ्यावे' अशी शिफारस आहे. तिसऱ्या पानावर मध्येच दुसऱ्याच एका मुलीचं नाव येतं. जुना मजकूर तसाच चिकटवलेला.

हा मुलगा 'कर्म' आणि 'क्रम' एकसारखंच वाचतो. रफार आला की अडतो, लिहिताना वेलांट्या गाळतो. पण धडा वाचून दाखवला की उत्तरं धडाधड देतो. यातलं काहीच अहवालात नाही, कारण वाचनाची चाचणी घेतली गेली ती इंग्रजीतून! ज्या भाषेत तो शिकतो, तिची जोडाक्षरं त्याच्यापुढे ठेवलीच नाहीत. मराठीतून तपासणीची साधनं नाहीत असंही नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं 'डाली' हे डिस्लेक्सिया तपासण्याचं साधन मराठीतही आहे.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना 1996 मध्ये सवलती देणारं आपलं राज्य. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता दिव्यांगत्वाच्या यादीत आणली. आज प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. पण वर्गातल्या बाईंनी उद्या सकाळी काय करायचं, हे प्रमाणपत्र सांगत नाही. ते अहवालानेच सांगायला हवं. शिवाय आठव्या वर्षानंतर पुढची फेरतपासणी थेट चौदाव्या वर्षी. एवढी वर्षं शाळा या एकाच कागदावर विसंबून असते.

म्हणून आरोग्य खात्याशी बोलून अहवालाचा एक किमान नमुना ठरवून द्यावा, ही विनंती. चाचणी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, मुलाने केलेल्या चुकांचे नमुने, त्याला काय चांगलं जमतं, आणि वर्गात करायच्या गोष्टी: एवढं त्यात असलंच पाहिजे. ज्या अहवालात नसेल, तो शाळेने परत पाठवावा आणि दुरुस्तीचे पैसे पालकांकडून घेऊ नयेत. हातावर पोट असलेले आईबाप रजा टाकून, खाडा करून तपासणीला येतात. निष्कर्ष त्यांना मराठीत, समोर बसवून समजावून सांगणंही बंधनकारक करा.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे परिपत्रक निघावं.

आपली,
एक विशेष शिक्षिका, परळ