प्रमाण किमतीला शून्य गुण देणाऱ्या आमच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुम्ही यंदा निवृत्त होताय, हे बॅचच्या ग्रुपवर कळलं. निरोप समारंभात दोन वाक्यं बोलून माझं भागणार नाही, म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आज फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला जे गुण देतात आणि जे ते मिळवायला धडपडतात, त्या दोघांनीही ते वाचावं असं मला फार वाटतं.

आम्ही एफवायला आलो तेव्हा सीनियर्सनी सांगून ठेवलं होतं की प्रॅक्टिकलचे गुण म्हणजे जर्नलचे गुण. अक्षर नीट, आकृत्या स्वच्छ, उत्तर पुस्तकातल्या प्रमाण किमतीजवळ, सबमिशन वेळेत, की झालं. उत्तर आधी धरायचं आणि रीडिंग मागून बसवायची, ही रीत कुणी फारशी लपवतही नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी गुण कशाला आहेत ते फळ्यावर लिहिलंत. रीडिंग थेट पेनने, तिथल्या तिथे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. लीस्ट काउंट (उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) आणि झीरो एरर (काहीच मोजत नसताना उपकरण दाखवतं ती चूक) आधी. उत्तरापुढे ± किती, म्हणजे उत्तर किती पुढेमागे असू शकतं, आणि तो आकडा कुठून आला. सगळ्यात शेवटी, ‘उत्तर प्रमाण किमतीशी जुळण्याला शून्य गुण.’ बाकांवर एकदम चुळबुळ झाली. तुम्ही ती शांतपणे होऊ दिलीत.

साध्या लोलकावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे ‘जी’ (g), काढायचा प्रयोग तर मला आजही जसाच्या तसा आठवतो. कॉर्कच्या दोन फाकांमध्ये धरलेला दोरा, व्हर्नियरने मोजलेला बॉबचा, म्हणजे टांगलेल्या गोळ्याचा, व्यास, एक मीटर लांबी, हातातलं स्टॉपवॉच. माझं उत्तर ९.७ आलं. शेजारच्या टेबलांवर मात्र ९.८१ आणि ९.८०. तुम्ही सगळ्यांना जवळ बोलावलंत आणि म्हणालात, आकडेमोड करा. एक मीटरच्या लोलकाची २० आंदोलनं, जी ९.८१ असेल तर ४०.१२ सेकंदांत होतात आणि ९.७८ असेल तर ४०.१८ सेकंदांत. फरक ०.०६ सेकंदाचा. स्टॉपवॉचचा खटका दाबताना बोट ०.२ सेकंद तरी पुढेमागे होणारच. त्या ०.२ सेकंदामुळे आवर्तकालात, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळात, अर्धा टक्का आणि जी मध्ये एक टक्का अनिश्चितता येते, म्हणजे साधारण ०.१. ‘मग दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा तुम्हाला दिसला कसा?’ कुणाला उत्तर देता आलं नाही. ९.७ ± ०.१ ला तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत.

आणि पुण्यात जी मुळात ९.८१ नाहीच, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. ९.८१ हा आकडा लंडन-पॅरिसच्या बाजूचा. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. इथे तो ९.७८ च्या आसपास भरतो. ज्यांनी ‘बरोबर’ उत्तर आणलं होतं, त्यांनी दुसऱ्याच गावाचं उत्तर आणलं होतं. मग तुम्ही झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितलीत. १६७२ मध्ये तो पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, कारण तिथे जी कमी. त्याने ते घड्याळ बिघडलं म्हणून सोडून दिलं नाही, नोंद ठेवली. आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या न्यूटनच्या म्हणण्याला त्या नोंदीचा आधार मिळाला.

तुमचे गुण हातचे राखून असतात, अशी तक्रार तेव्हा होती. दुसऱ्या बॅचना दहापैकी नऊ सर्रास मिळायचे, आमच्याकडे सहा-सात. पण प्रत्येक कापलेल्या गुणापुढे समासात कारण असायचं. ‘ह्यूमन एरर’ एवढंच लिहिलं की तुमचा लाल शेरा ठरलेला: ‘कुणी, काय करताना, किती?’ शनिवारी येऊन प्रयोग पुन्हा केला की गुण वाढायचे, आणि तुम्ही स्वतः थांबायचात. माझ्या मते न्याय्य गुणदान ते हेच. काय अपेक्षित आहे ते आधी माहीत, का गेलं ते नंतर माहीत, आणि सुधारायला जागा.

आम्ही काही जणी तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेल्या. तोंडी परीक्षेची धास्ती होती. तुम्ही ती टेबलापाशीच, प्रयोग चालू असताना, मराठीतच घेतलीत. ‘दोरा आखूड केला तर काय होईल?’ असं विचारायचात आणि म्हणायचात, ‘सांगू नकोस, करून दाखव.’

आज मी भोसरीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजमापाची उपकरणं अचूक आहेत का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये, काम करते. मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज रोज हातात असतात. आमच्या प्रमाणपत्रावर मोजलेल्या किमतीपुढे अनिश्चितता लिहावीच लागते. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे ऑडिटर आले की पहिलं बोट तिथेच ठेवतात. खाडाखोड केलेली नोंद चालत नाही, रेघ मारून शेजारी सही करायची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे नियम समजावले गेले तेव्हा बाकीचे नवखे वैतागले होते. माझा हात आधीच तसा वळलेला होता, आणि तो तुम्ही वळवला होता.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती, आता मी नव्या मुलांच्या नोंदी तपासते तेव्हा कळते. उत्तर जुळतंय का एवढंच पाहायचं तर जर्नलवर सही करायला मिनिटही लागत नाही. तुम्ही मात्र प्रत्येकाची रीडिंग घेऊन प्रत्येकाचा ± पुन्हा काढून पाहायचात, कारण कुणाचेच आकडे दुसऱ्यासारखे नसायचे. अख्ख्या बॅचचे, दर आठवड्याला. त्यासाठी कुणी वेगळा वेळ देत नव्हतं, तो तुम्ही घरचा काढलात. त्या वेळेबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. शनिवारी आमच्यासाठी लॅब उघडून पुन्हा सगळी मांडामांड करणाऱ्या काकांनाही माझा नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी