मेझुझा ठोकण्याआधी

अलिबाग

प्रिय शामुवेल,

सप्रेम शालोम.

किहीमच्या नव्या घराला मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायचा, पवित्र ओळी लिहिलेला चामड्याचा कागद) लावायची आणि मलिदाही (गोड पोह्यांचा, उपकार मानण्याचा विधी) करायचा, हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंस, "एकदा मेझुझा लागली की घराला नजर लागायची नाही, आणि एलियाहू हन्नाबीला नवस बोलून ठेवतो म्हणजे धंदाही मार्गी लागेल." एलियाहू हन्नाबी म्हणजे आपला संदेष्टा एलियाहू. ही दोन वाक्यं माझ्या मनातून जाईनात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्या यहुदी घरात मूर्ती कधीच नव्हती, त्यामुळे आपण धरून चालतो की खोट्या दैवतांचा प्रश्न आपल्यापुरता मिटला. शेजारी गणपती आणतो तो त्याच्या भावाने आणतो, त्याविषयी मला काही म्हणायचं नाही. मी आपल्याच भिंतीवरच्या वस्तूंविषयी बोलतोय. रानात साप चावून माणसं मरू लागली तेव्हा मोशेने देवाच्याच आज्ञेवरून तांब्याचा साप करून खांबावर लावला, आणि त्याच्याकडे पाहणारे वाचले. तोच साप पुढे हिझकिया राजाने फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. त्याला नाव पडलं नहुश्तान, म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा. मिश्नात (रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात) विचारलंय, साप का मारतो आणि साप का जगवतो? उत्तर असं, की लोकांनी वर पाहिलं आणि मन आकाशातल्या बापाच्या हवाली केलं तेव्हाच ते बरे झाले. म्हणजे वस्तू पवित्र होती, आज्ञा देवाची होती, तरी भरवसा तिच्यावर जाऊन बसला आणि तिचं दैवत झालं.

मेझुझाचं अगदी हेच होतं. रामबामने, म्हणजे मध्ययुगातल्या आपल्या थोर धर्मपंडिताने, स्वच्छ लिहिलंय, की जे लोक मेझुझाच्या आत देवदूतांची नावं घालतात ते देवाच्या एकपणाची आज्ञा मोडीत काढून तिचा स्वतःच्या फायद्याचा ताईत करतात. म्हणून आधी समजून घे, ती पितळी किंवा लाकडी नळी म्हणजे मेझुझा नव्हे. मेझुझा म्हणजे आतला चामड्याचा कागद. सोफेरने (धर्मलेखकाने) टाकाने आणि शाईने त्यावर २२ ओळी लिहिलेल्या असतात, ७१३ अक्षरं. शेमा म्हणजे देव एकच असल्याची आपली कबुली; तिचा पहिला उतारा आणि 'वेहाया इम शामोआ' हा पुढचा उतारा. छापील कागद चालत नाही, झेरॉक्स तर नाहीच. एखादं अक्षर तडकून त्याचा आकार गेला किंवा दुसऱ्याला चिकटलं, तर अख्खी मेझुझा बाद. नंतर डागडुजी करतो म्हणशील तर तेही बहुतेक वेळा जमत नाही, कारण अक्षरं ओळीने एकामागून एकच लिहावी लागतात.

आपल्याकडे ती बिघडते ती खाऱ्या हवेने आणि पावसाने. दमटपणाने चामडं फुगतं, ऊन पडलं की आकसतं, आणि शाईला तडे जातात. तुझ्या ओटीवर पाऊस पश्चिमेकडून तिरका येणार. तेव्हा चामडं आधी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळ आणि मगच नळीत सरकव. नळीचं झाकण घट्ट बसणारं हवं. घडी कधीच घालू नको. डाव्या टोकाकडून उजवीकडे गुंडाळ, मजकूर आत, म्हणजे उघडताना 'शेमा' पहिला समोर येतो. आत शिरताना उजव्या हाताला येईल ती चौकट धर. दार ८४ इंच उंच असेल तर जमिनीपासून ५६ इंचांवर, म्हणजे वरचा तिसरा हिस्सा सुरू होतो तिथे. वरून आणि खालून दोन्हीकडे पक्की कर. एका खिळ्यावर लोंबती राहिली तर चालत नाही. लोखंडी खिळा एका पावसाळ्यात गंजतो आणि त्याचा डाग नळीपर्यंत पोचतो, म्हणून पितळी स्क्रू घे. हातात धरून बेराखा (आशीर्वचन) म्हण आणि मग ठोक. एकाच वेळी सगळ्या दारांना लावत असशील तर बेराखा एकदाच. संडास-न्हाणीला लावायची नाही. तलमूद (रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) सात वर्षांत दोनदा तपासायला सांगतं, पण किनाऱ्यावर मी दर दिवाळीच्या सुमारास, पाऊस पुरता ओसरल्यावर, उघडून बघायला सांगेन.

आणि घरात आजारपण आलं तर "मेझुझा खराब झाली असणार" म्हणून आधी नळीकडे धावू नको. आधी डॉक्टरकडे जा, देवाकडे माग. मेझुझा सवडीने तपास.

आता नवस. तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) म्हणते, नवस बोलला नाहीस तर पाप नाही; बोललास तर फेडायला उशीर करू नको. म्हणून आपले लोक काही करायचं ठरवलं की 'बेली नेदेर' म्हणतात, नवस न धरता. आणि एलियाहूला नवस? कार्मेल डोंगरावर बआल या खोट्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा होता. ते सकाळपासून ओरडत, अंगावर वार करून घेत होते. त्याने १२ दगडांची वेदी रचली, चार घागरी पाणी तीनदा ओतवलं, आणि मागितलं ते दोन ओव्यांत, तेही देवाकडे. ज्याने आयुष्य बआलशी लढण्यात घालवलं, त्याचाच आपण देव करायचा, यापरता त्याचा दुसरा अपमान नाही. एलियाहूच्या रथाची तसबीर घरात असू दे, पण तिला हार घालू नको, उदबत्ती ओवाळू नको. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या, त्याच्या रथाच्या म्हणून सांगतात त्या खुणा बघायला जरूर जा. मागायचं ते मात्र खडकाकडे नाही.

मलिदा हा उपकार मानण्याचा विधी आहे. तो मनापासून कर, आधी सौदा ठरवून नको. अर्धा किलो जाडे पोहे निवडून चाळ. चाळणीत एकदाच पाणी घालून निथळत ठेव. भिजत ठेवलेस तर लगदा होतो. एक मोठा नारळ त्याच दिवशी खोव, सकाळचं खोबरं संध्याकाळपर्यंत आंबतं. २०० ग्रॅम साखर, आठ-दहा वेलच्या, बदाम-बेदाणे. साखर अगदी शेवटी घाल, तिला लगेच पाणी सुटतं. १५-२० जणांना पुरतो. भोवती पाच फळं मांड. खजूर प्रत्येक फोडून बी काढ आणि आतली बाजू उजेडात धर. करडी भुकटी किंवा जाळं दिसलं तर टाकून दे, आत अळी असते. झाडाच्या फळाची बेराखा खजुरावर आधी म्हणायची. केळ्यावर मात्र 'हाअदामा', म्हणजे जमिनीच्या पिकाची बेराखा म्हणायची, कारण केळीला घड आला की तो खांब मरतो, ते झाड धरत नाहीत. सब्जाची डहाळी ताटात विसरू नको. तिच्या वासाची बेराखा वेगळी.

शनिवारी करणार असशील तर शब्बाथ संपून तीन तारे दिसल्यावरच तयारीला लाग. प्रार्थनेला पश्चिमेकडे तोंड कर, यरुशलेम तिकडे आहे. तुझ्या घरातून ती बाजू म्हणजे समुद्रच. एलियाहूनेही पावसासाठी गुडघ्यांत डोकं घालून विनवणी केली तेव्हा सेवकाला समुद्राकडेच बघायला पाठवलं होतं. सहा वेळा काही नव्हतं, सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसला.

चामडं खरेदी करण्याआधी मला दाखव, अक्षरं आपण दोघं भिंगाखाली बघू. आणि मलिद्याचं एक ताट शेजारच्या आगरी घरी आठवणीने पाठव.

तुझा,
एलिजा