गडांच्या दुरुस्तीला मार्चअखेरची घाई नको

महोदय,

मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे सात केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे; राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे यांचा वाली ठरलेला आहे. काळजी वाटते ती केंद्र आणि राज्य या दोन्हींपैकी एकाच्याही संरक्षित स्मारकांच्या यादीत नसलेल्या गडांची. त्यांची जमीन कुठे वनखात्याची, कुठे महसूलची, कुठे खासगी. म्हणून दुरुस्तीच्या प्रस्तावाला सर्वांत आधी सातबारा जोडावा. जमीन वनखात्याची निघाली आणि त्यांची परवानगी घेतलेली नसली, तर मंजूर काम तिथेच अडते.

अशा गडांना मुख्य आधार जिल्हा वार्षिक योजनेचा. तीत गड-किल्ले, मंदिरे आणि स्मारकांसाठी 3 टक्क्यांपर्यंत निधीची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे, पण तिचे वेळापत्रक गडांच्या दुरुस्तीत लागणाऱ्या चुन्याला मानवत नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा असे करत कार्यादेश जानेवारी-फेब्रुवारीत निघाला, की 31 मार्चपूर्वी बिल काढायची घाई होते. कळीचा चुना विरवून काही आठवडे भिजत ठेवावा लागतो. मग एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू आणि विटेची सुरखी (भुकटी) घालून तो घाणीत, म्हणजे चुना मळायच्या दगडी चक्कीत, मळायचा, सांध्यांत पातळ थरांनी भरायचा आणि ओली गोणपाटे टाकून निदान आठ-दहा दिवस ओलावा टिकवायचा. एवढा वेळ नसला की ठेकेदार सिमेंट वापरतो, आणि अंदाजपत्रकातही बहुधा तेच धरलेले असते.

नुकसान दोन-चार पावसाळ्यांनी दिसते. तटाची दोन्ही तोंडे घडीव दगडांची असली, तरी आतला गाभा दगडगोटे, माती आणि चुन्याचा असतो. माथ्यावरून झिरपलेले पाणी पूर्वी सांध्यांतून बाहेर पडे. सिमेंटने सांधे बुजवले की ते गाभ्यातच साठते, माती फुगते, तट पोट काढतो आणि भर पावसात ढासळतो. बुरुजावरचा पिंपळ उपटल्यानेही तेच होते: मुळांबरोबर दगड सुटतात. तो कापून बुंध्यात औषध सोडावे, आणि मुळे मेल्यावरच तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा.

जिल्हाधिकारी आणि पालकमंत्र्यांना विनंती आहे की या कामांची मान्यता मेपर्यंत द्यावी. मोजणी, नकाशे आणि छायाचित्रे जूनपूर्वी उरकावीत, पावसाळ्यात अंदाजपत्रक आणि निविदा पूर्ण कराव्यात, ऑक्टोबरात कार्यादेश काढावा. चुना विरवण्याचा हौद आणि घाणी ही अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब असावी. नाहीतर तो खर्च ठेकेदाराच्या नफ्यातून जातो आणि तो चुना टाळतो. निविदेत केवळ सर्वांत कमी दर पाहू नये, चुन्यात केलेल्या कामाचा अनुभव बंधनकारक करावा.

महत्त्वाच्या गडांसाठी राज्य संरक्षणाचा प्रस्तावही सोबतच पाठवावा. राज्याच्या 1960च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात, त्यानंतरच अंतिम अधिसूचना निघते. ग्रामपंचायतीने सीमा आणि गट क्रमांक आधीच तपासून दिले, तर निदान त्या मुद्द्यावर फाइल परत येणार नाही.

– एक संवर्धन वास्तुविशारद, सातारा